नाव काढू नकोस

प्रिय पोरी,

पत्र परवा मिळालं. चार पानं ८ मार्चच्या भाषणावर आणि बाबा गेल्यावर जमिनीवरून घरात चाललेल्या बोलण्यावर, आणि शेवटी ताजा कलम म्हणून दोन ओळी: ‘बाई, ११ तारखेला दादाबरोबर हक्कसोडपत्राच्या सहीला गावी जातेय. बरोबर करतेय ना मी? झोप लागत नाही.’

अगं, आठला माइकवर समता आणि अकराला दुय्यम निबंधकासमोर अंगठा! वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग माझंच १९९९ साल आठवलं आणि राग गिळून बसले.

भाषणाचं नंतर बघू. आधी एवढंच ऐक. नाव काढू नकोस.

आपल्या भाषेची गंमत बघ. पोरीला लहानपणापासून सांगतात, शिक, घराण्याचं नाव काढ. तू काढलंस. आता तेच घर म्हणतंय, सातबाऱ्यावरचं नाव काढ. आणि वाटणीचा विषय निघालाच तर चुलते डोळे वटारून म्हणणार, त्याचं नावही काढू नकोस. तिन्ही वाक्यं मी एकाच ओसरीवर ऐकलीत.

वडील १९९८ च्या पावसाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात भावानं मला आणि धाकटीला बोलावून घेतलं. वकिलानं दस्त वाचला: ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला.’ मी तेव्हा नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते. माझं लग्न १९९४ च्या आधीचं, त्यामुळे महाराष्ट्रानं त्या वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून दिलेला वाटा मला लागू नव्हता. पण बापाच्या स्वतःच्या हिश्शाला मुलगी १९५६ पासून वारस आहे, हे मला ठाऊक होतं. तरी सही केली. संध्याकाळी आम्हा दोघींना साड्या मिळाल्या, चिंतामणी रंगाच्या, एकसारख्या. माझी मी नेसले. चांगली होती, आठ-दहा वर्षं टिकली.

लोकांना वाटतं बाई घाबरल्या. मी घाबरले नव्हते. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं भाऊ-भावजय करत होते, मला महिन्याचा पगार होता. आणि खरं सांगू? सोडून देण्यातला मोठेपणा मला आवडला. सगळ्या भावकीसमोर ‘मला काही नको’ म्हणताना छाती फुगते. त्यात वाईट काय होतं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं विचारलं. उत्तर धाकटीनं दिलं. २००३ साली ती कुंकू पुसून माहेरी आली. मागच्या पडवीत तिला एक खोली मिळाली, आणि विजेच्या बिलावरून रोजचे टोमणे. एकदा मी तिला चिडून म्हटलं, ‘तू का गं सही केलीस?’ ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, ‘ताईनं केली म्हणून.’

नोकरी माझ्याकडे होती, तिच्याकडे नव्हती. शिकलेलीनं सोडलं की न शिकलेलीला सोडावंच लागतं. तुझ्या गावात तुझ्यामागे कोण कोण उभ्या आहेत, मोजून बघ.

पुढे हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आली आणि देशभर मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी झाली, लग्न कधीही झालेलं असो. मी आशेनं वकिलाकडे धावले. तो म्हणाला, बाई, २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदलेले दस्त हा कायदा उकरत नाही. २०२० च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक शंका मिटवली: ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, बाप हयात असण्याचीही गरज नाही. तो निकाल पेपरात वाचताना मी एकटीच चहा पीत होते. चहा गार झाला. कायदा येत राहिला, माझा कागद तिथेच राहिला. म्हणून म्हणते, नाव काढू नकोस.

तू लिहितेस, ‘मला गरज नाही.’ दादाला कुणी विचारलं का गं, गरज आहे का म्हणून? त्याचा हिस्सा आपोआप त्याचा, तुझा मात्र गरजेवर! हा निकष तुझ्या डोक्यात कुणी घातला, तेवढं शोध.

‘दादानं बाबांचं सगळं केलं.’ केलंच. त्याचं देणं तू वेगळं दे. शेत त्यालाच कसू दे, दहा वर्षं एक दाणा मागू नकोस, उत्पन्न त्याचंच असू दे. माया वहिवाटीतून दाखव. मालकीतून दाखवायची असेल तर दहा वर्षांनी, तुझ्या मनानं, बक्षीसपत्र करून दे. आज, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आत, घाईत नाही.

‘नावं जास्त झाली की पीककर्जाला अडचण येते.’ ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. बँक सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते आणि तू दोनशे किलोमीटरवर. पण मग संमतीपत्र दे ना! दरसाल एक चक्कर मार. नाहीतर तिघांच्या संमतीनं तहसीलदाराकडून वाटप करून घ्या, म्हणजे दादाच्या गटावर फक्त त्याचंच नाव राहील. वाट आहे. ती कुणी तुला सांगितली नाही, कारण हक्कसोड स्वस्तात होतं, काही शे रुपयांच्या मुद्रांकावर. बहिणीचा हक्क या राज्यात सगळ्यांत कमी खर्चात सुटतो.

राहिलं ‘माहेर तुटेल’. इथं मी खोटा धीर देणार नाही. तुटूही शकतं. भाऊबीजेला फोन येणार नाही, वहिनी तोंड फिरवेल. पण माझं सही करूनही राहिलं नाही, पोरी. आई गेल्यावर दोन वर्षांत जाणं-येणं लग्नकार्यापुरतं उरलं. सातबारा गेला आणि माहेरही गेलं. जे साडीचोळीवर टिकतं ते तेवढंच टिकतं.

आता तुझ्या भाषणाबद्दल. १८४८, भिडेवाडा, शेणाचे गोळे हे सगळे सांगतात, तूही सांग, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लहानपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचं सांगशील तर पुरतं सांग. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि त्या तुरुंगाला तयार झाल्या. एवढ्यावर टाळ्या पडतात. त्यांच्या नावावर वडिलांची, जनार्दन पांडुरंगांची, मालमत्ता होती, हे कुणी सांगत नाही. १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हिंदू कोड बिल रखडल्याचं दुखणं होतं. त्या बिलावर सनातनी उखडले त्याचं एक मोठं कारण मुलीचा वाटा! शाळेला शेण मिळालं, वाट्याला त्याहून जास्त. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बायका जेमतेम चौदा. आणि राबायला? सकाळी सातला कुठल्याही बांधावर उभी राहून मोज.

हे सगळं व्यासपीठावर बोलून अकराला सही करणार असशील तर बोलू नकोस. रांगोळी स्पर्धेचं बक्षीस वाट आणि घरी ये. कडक बोलले. बोलू दे, सव्वीस वर्षं साठलंय.

आता कामाचं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस तुझ्या नावानं आली असेल, नमुना ९ ची. सापडली तर तारीख बघ, हरकतीला पंधरा दिवस असतात. दस्ताचा मसुदा आधी माझ्याकडे पाठव, वाचल्याशिवाय निघू नकोस. दादाशी मात्र तूच बोल, वकिलाकरवी नको. त्याला सांग, जमीन तूच कस, मी फक्त नाव काढणार नाही. हेच वाक्य, जास्त नाही. तो चिडेल. चिडू दे. त्याच्यावर ओरडू नकोस, त्यालाही हेच शिकवलंय.

आणि एक गोष्ट मला पत्र तिसऱ्यांदा वाचताना खटकली. चार पानांत दादा आहे, वहिनी आहे, चुलते आहेत, तुझा नवरा आहे. आईच्या हिश्शाबद्दल अक्षर नाही. तिलाही तुम्हा दोघांइतकाच वाटा आहे, आणि तिच्यासाठीही एक दस्त तयार असणार, पैज लाव. ताजा उतारा काढ आणि बघ तिचं नाव भोगवटादारात, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, आहे की ‘इतर हक्कात’, विहीर आणि सोसायटीच्या बोज्याशेजारी. आमच्याकडे बायकांना तिथंच बसवायचे. शुक्रवारी फोन कर, आधी ते सांग.

तुझी,
बाई