गॅरी कॉनला जाण्यात अर्थ आहे का, की सरळ जेन कॉनलाच जावं?

तुम्ही लिहिलंय की शिकागोजवळ राहता, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एक कॅरेक्टर घेऊन गप्पा आणि डाइसवर खेळायचा खेळ) फक्त ऑनलाइन, डिस्कॉर्डवर खेळलाय, एकटेच जाणार आहात, आणि शेवटी ‘गेलेल्या माणसाच्या नावाने भरणाऱ्या कॉनला आपल्यासारख्याने जाऊन करायचं काय’. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायच्या फंदात पडले नसते. मार्च आला की आमच्या पुण्याच्या जुन्या ग्रुपमधला एक मित्र मला हेच ऐकवतो, वर ‘काय, गायगॅक्सचं वर्षश्राद्ध घालून आलीस का’ हेही असतंच. गायगॅक्स म्हणजे गॅरी गायगॅक्स, डी अँड डीच्या दोन जनकांपैकी एक; त्याच्या नावाने मार्चमध्ये विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा गावात खेळाडूंचं जे संमेलन भरतं, ते गॅरी कॉन.

तर जा. जेन कॉन हे असंच पण खूप मोठं संमेलन, तिथं ७०,००० च्या वर पब्लिक असतं, इंडियानापोलिसमध्ये अर्धा दिवस स्टॉलवर खरेदी आणि अर्धा दिवस चालण्यात जातो. गॅरी कॉनला लोक सकाळी बसतात ते रात्रीपर्यंत खेळतात, बास. शिवाय जेन कॉन जन्मलं तेही लेक जिनिव्हातच, १९६८ साली, तिथल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये, गायगॅक्सनेच भरवलेलं.

श्राद्ध म्हणणं तसं अगदीच खोटं नाही. ४ मार्च २००८ ला गायगॅक्स गेला, अंत्यविधीनंतर लोक गावातल्या अमेरिकन लीजनच्या (माजी सैनिकांची संघटना) हॉलमध्ये जमले आणि डाइस काढून खेळायलाच बसले, पुढच्या वर्षीपासून त्याचंच कॉन झालं. आपल्याकडे तेराव्याला कोणी रमीचा डाव मांडला तर आत्या जन्मभर बोलणार नाही, पण मला ते फार आवडलं.

मित्राचं खरं दुखणं वेगळंच आहे. त्याच्या मते खेळ डेव्ह आर्नेसनचा, म्हणजे दुसऱ्या जनकाचा, गायगॅक्सने तो लाटला, आणि गॅरी कॉनला आर्नेसनचं नावही कोणी काढत नाही. स्वतः कधी पाऊल ठेवलं नाहीये बरं का तिथं.

आता माझं ऐका. मी ज्या टेबलावर बसले ते ब्लॅकमूरचं होतं. म्हणजे आर्नेसनचीच कॅम्पेन (एकाच काल्पनिक जगात पुढे पुढे चालणारा खेळ), जी तो १९७१ पासून मिनेसोटातल्या सेंट पॉलला आईवडिलांच्या तळघरात चालवायचा. रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, सत्तरीतला, मिनेसोटाचा. पुढ्यात नोट्स लपवायची स्क्रीन वगैरे काही नाही, कॅरेक्टर म्हणजे एक इंडेक्स कार्ड, त्यावर ताकद, बुद्धी वगैरेंचे सहा आकडे आणि हिट पॉइंट, म्हणजे जीव, तीन. मला ग्राफ पेपर आणि पेन्सिल दिली, तू मॅपर. तो नुसतं बोलणार, पन्नास फूट सरळ, मग पूर्वेला वळण, वीस बाय तीस ची खोली, आणि मी चौकोन मोजत रेघा मारणार. शेजारचा कॉलेजातला पोरगा सवयीने म्हणाला, इन्व्हेस्टिगेशन रोल करू का, म्हणजे काही सापडतं का ते डाइस टाकून ठरवू का? तर म्हातारा म्हणतो रोल कशाला, हात कुठे घालतोयस ते सांग. पोरगा गारच झाला, पण मग सुटला, चुलीमागे बघतो, गादी फाडतो, दगडावर काठी आपटतो.

दोनेक तासांनी माझ्या नकाशात दोन खोल्यांच्या मध्ये दहा फुटांची पट्टी रिकामी राहिली. सगळे म्हणाले तू चुकलीस, पुन्हा मोज. मी म्हटलं मोजलंय, चला परत. रेफरी शांतपणे चहा पितोय, चेहऱ्यावर काही नाही. परत गेलो, भिंत ठोकली, आत पोकळ आवाज, आणि पट्टीत जिना खाली जाणारा! ऑनलाइन मॅप आयता समोर येतो, त्यात ही मजा येणारच नाही, कितीही पैसे घाला. ब्रेकमध्ये म्हाताऱ्याने आर्नेसनचे इतके किस्से सांगितले की जेवण राहिलं. पुढच्याच हॉलमध्ये ब्राउनस्टाइन चाललेलं, म्हणजे डेव्ह वेसेलीचा १९६९ चा खेळ, ज्यावरून आर्नेसनला ब्लॅकमूर सुचलं. नाव काढत नाहीत म्हणे!

आयडिया आर्नेसनचीच, यात वादच नाही. पण १९७२ च्या शेवटी तो लेक जिनिव्हाला येऊन खेळ दाखवून गेला आणि नंतर ज्या नोट्स पाठवल्या ती वीसेक पानं होती, त्यावरून कोणी अनोळखी माणूस खेळूच शकला नसता. इन्शुरन्सची नोकरी गेल्यावर तळघरात चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या गायगॅक्सने बसून ते टाइप केलं, वाढवलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या १० डॉलरच्या हजार पेट्या काढल्या. पेटीवर दोघांचंही नाव आहे. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी या नंतरच्या आवृत्तीच्या पुस्तकांवर एकट्या गायगॅक्सचं नाव आलं आणि रॉयल्टीवरून आर्नेसनने १९७९ ला केस केली, १९८१ ला मिटली, तिथं गायगॅक्स वाईटच वागला असं माझं मत. तरी ज्याने लिहून काढलं त्याला चोर म्हणायचं असेल तर आमच्या मित्राने आधी स्वतःची कॅम्पेन लिहून दाखवावी, दहा वर्षं झाली, अजून गूगल डॉकमध्ये गावांची नावंच आहेत.

हां, तुमचं राहिलंच. बॅज वेगळा आणि खेळांचं रजिस्ट्रेशन वेगळं, नावाजलेली टेबलं लगेच भरतात. नाही मिळालं तरी खेळ सुरू व्हायच्या वेळी टेबलाशी जाऊन उभे राहा, कोणीतरी झोपलेलं असतंच, रिकामी खुर्ची मिळते. कॉन भरतं ते ग्रँड जिनिव्हा रिसॉर्ट महाग आहे, गावात किंवा जवळच्या डेलाव्हनला राहा. मेट्रा, म्हणजे शिकागोची लोकल, हार्वर्ड गावापर्यंतच येते, पुढे गाडी लागते, आणि मार्चमध्ये तिथं बर्फ पडू शकतो. जुन्या एडिशनच्या टेबलांवर बहुतेक साठीचे गोरे आजोबा असतात, मी बऱ्याचदा एकटीच बाई आणि एकटीच ब्राउन. मला कोणी वाकडं बोललं नाही, पण सगळ्यांना तसंच येईल असं मी म्हणत नाही. आणि तुम्हाला कॅरेक्टरची वीस पानी बॅकस्टोरी लिहायला आवडत असेल तर ब्लॅकमूरला बसू नका, फिफ्थ एडिशनची (डी अँड डीची नवी आवृत्ती) टेबलंही भरपूर असतात. माझा फायटर त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मेला.