मांडवीची भरती, अर्ध्या तासाचा लूप आणि भाषेची निवड

चोडणच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्रात एमएस्सी करते. आजोबांच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी कधी चढतं, या कुतूहलातून तिने प्रकल्प घेतला: आग्वादच्या मुखापासून गांजेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर मांडवी, दर १०० मीटरला एक बिंदू, काळाची १० सेकंदांची पायरी. सगळं पायथन या संगणकाच्या भाषेत. एका महिन्याची भरती-ओहोटी काढायला लॅपटॉपला अर्धा तास लागतो. वर्गमित्र म्हणतात ज्युलिया शिक, बंगळूरचा मामेभाऊ म्हणतो सी प्लस प्लस, गाईड म्हणतात फॉर्ट्रान. बाबांनी तर ४५ हजार फीच्या एका क्लासची चौकशीही केली आहे. ‘सर, भाषा चुकली तर दोन वर्षं फुकट जातील का?’ असं तिने विचारलं आहे.

बाय, दोन वर्षं फुकट जात नाहीत. एक भाषा नीट आली की दुसरी काही आठवड्यांत हाताला बसते. पण तुझा अर्धा तास कुठे जातो ते आधी बघू, कारण निवडीची किल्ली तिथेच आहे.

५०० बिंदू, दिवसाला ८,६४० पायऱ्या, ३० दिवस. म्हणजे जवळपास १३ कोटी वेळा पाण्याची पातळी काढायची आणि तितक्याच वेळा वेग. तू पाठवलेल्या कोडच्या तुकड्यात नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या ॲरेतला (आकड्यांच्या रांगेतला) एकेक आकडा लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळींत, बाहेर काढला आहेस. तसं केलं की पायथन दर वेळी विचारतो, हा पूर्णांक आहे की दशांश, बेरीज कोणती वापरू, उत्तर कुठे ठेवू. खऱ्या बेरजेपेक्षा ही विचारपूस कितीतरी महाग पडते. नमपायचे आकडे असे सुटे सुटे काढणं साध्या लिस्टपेक्षाही हळू असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बिंदूंचा आतला लूप काढून टाक आणि अख्ख्या ॲरेवर एकदम गणित लिही. नाहीतर लूप तसाच ठेवून त्या फंक्शनवर नंबा या लायब्ररीचा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची एक ओळ) लाव. पहिल्यांदा बोलावताना ते कंपाइल होईल, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलेल, आणि मग पळेल. दोन्हींपैकी काहीही केलंस तरी काम काही सेकंदांत उरकायला हवं. काळाचा बाहेरचा लूप मात्र असा काढता येणार नाही, कारण पुढची पायरी मागचीवरच उभी असते.

इथे एक धोक्याची सूचना. तुझी १० सेकंदांची पायरी कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांच्या १९२८ च्या अटीत बसते का, ते सर्वांत खोल बिंदूवर तपास. अट अशी की एका पायरीत लाटेने दोन बिंदूंमधल्या अंतरापेक्षा पुढे जाता कामा नये. पाणी ५ मीटर खोल असेल तर लाट सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते आणि १४ सेकंदांपर्यंत मोकळीक मिळते. खोली १० मीटर झाली की वेग १० मीटरच्या घरात जातो, आणि वर नदीचा प्रवाह मिळाला की गणित फुटू शकतं. उद्या बिंदू ५० मीटरवर आणलेस तर पायरीही निम्मी करावी लागेल, म्हणजे काम चौपट. नदीची रुंदीही धरून द्विमितीय मॉडेल केलंस, तर बिंदूंचं अंतर असंच निम्मं करताना काम आठपट. त्या टप्प्यावर कंपाइल होणारी भाषा खरोखर लागते.

कोणती? माझं मत गाईडच्या बाजूने आहे. फॉर्ट्रान १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने आणली, म्हणून मुलं तिला जुनाट समजतात. पण ती वेगवान का, हे समजून घेण्यासारखं आहे. फंक्शनला दोन ॲरे दिले तर ते मेमरीत एकमेकांवर चढलेले नाहीत, असं फॉर्ट्रानचा कंपाइलर गृहीत धरू शकतो. त्यामुळे तो गणिताचा क्रम हवा तसा लावतो आणि एका सूचनेत अनेक आकडे उरकतो. सी भाषेतल्या पॉइंटरांना (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या चलांना) ही खात्री नसते, म्हणून १९९९ च्या मानकात त्यासाठी वेगळा शब्द आणावा लागला. शिवाय तू पायथनमध्ये समीकरणांचा संच सोडवतेस तेव्हा खाली लॅपॅक या गणिती लायब्ररीचे रूटीन चालतात, आणि लॅपॅक मुळात फॉर्ट्रानमध्येच लिहिलेलं आहे.

दुसरं कारण नोकरीचं. तुझी आवड समुद्राकडे आहे. दोना पावलाची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, हैदराबादचं इन्कॉइस (सागरी माहिती केंद्र), पुण्याची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामान संस्था) हा तुझा रस्ता. या क्षेत्रातली रॉम्स आणि मॉम ही समुद्राची आणि डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं, अशी मॉडेलं फॉर्ट्रानमध्ये आहेत. आयआयटीएममध्ये २०२४ साली आलेला ‘अर्क’ महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं). अशा यंत्रावर तुला दुसऱ्यांनी लिहिलेली हजारो ओळींची मॉडेलं वाचून त्यांत चार ओळी बदलाव्या लागतील. ते वाचन आधीपासून सरावाचं हवं.

मामेभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे. शेअर बाजाराच्या प्रणाली, गेम, जीपीयूवरचं (ग्राफिक्सच्या चिपवरचं) काम यांत सी प्लस प्लस लागते. ज्युलिया मला मनापासून आवडते. २०१२ साली ती जाहीर करणाऱ्या चौघांत आपले विरल शहा आहेत, आणि तुझा साधा लूप तिच्यात जसाच्या तसा वेगाने धावेल. पहिल्या वेळी थोडं थांबावं लागतं, एवढंच. पण तुझ्या क्षेत्रात तिच्यातलं तयार काम अजून कमी आहे. एमएस्सी झाल्यावर शिक.

तेव्हा या महिन्यात पायथनचा लूप सुधार. दिवाळीच्या सुट्टीत तेच ५०० बिंदू आधुनिक फॉर्ट्रानमध्ये, म्हणजे १९९० च्या मानकापासून पुढच्या, पुन्हा लिही. ॲरेची मोजणी तिथे १ पासून सुरू होते, हे विसरू नकोस. द्विमितीय ॲरे तिथे स्तंभाने साठवतात, नमपायमध्ये एरवी ओळीने. म्हणून आतला लूप पहिल्या निर्देशांकावर फिरव. प्रोसेसर मेमरीतून साधारण ६४ बाइट, म्हणजे ८ आकडे एकदम उचलतो. उलट्या दिशेने चाललीस तर त्यातले ७ वाया जातात.

बाबांना माझा नमस्कार सांग आणि क्लासची फी भरू नका म्हणावं. फॉर्ट्रानचा कंपाइलर जीफॉर्ट्रान, पायथन, ज्युलिया सगळं फुकट मिळतं, आणि शिकण्यासाठी लागणारा प्रश्न तुझ्याकडे आधीच आहे. आजोबांना विचारून खाजनाच्या मानशीची (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं भरतीला किती वाजता मिटतात ते पंधरा दिवस वहीत टिपून ठेव. दोन्ही भाषांतली उत्तरं एकमेकांशी जुळली की ती या वहीशी लावून बघ, आणि फरक किती मिनिटांचा येतो ते मला कळव.