आकाशाकडून दाखला मागू नकोस

प्रिय बेटा,
अस्सलामु अलैकुम.

कुरआनात आधुनिक विज्ञान असल्याचे दावे करणारा, तू पाठवलेला व्हिडिओ पूर्ण पाहिला, भाषणाचं टिपणही वाचलं. मोमिनपुऱ्यातल्या मुलांपुढे तू विश्वाबद्दल बोलणार आहेस, याचा फार आनंद झाला. पण ‘महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्वाचा आरंभ) कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलाय’ हे टिपणातलं पहिलंच वाक्य काढून टाक.

सूरह अंबियाची 30वी आयत तू घेतली आहेस: आकाश आणि पृथ्वी जोडलेली होती, मग आम्ही ती वेगळी केली. आज वाचताना महास्फोट आठवतो, हे खरं. पण हजारएक वर्षांपूर्वीच्या तबरींच्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनावरच्या भाष्यात, याच आयतीचा एक अर्थ असा दिलाय: आकाश बंद होतं, पाऊस नव्हता, जमीन बंद होती, काही उगवत नव्हतं, अल्लाहने दोन्ही उघडली. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या विदर्भाला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय आयतीचा पुढचा भाग पाण्यापासून जीव निर्माण केल्याचा आहे, तो तुझ्या टिपणात आलेलाच नाही. विज्ञानाच्या बाजूनेही गाडी अडते. विश्वाचं वय सुमारे 13.8 अब्ज वर्षं, पृथ्वीचं 4.5 अब्ज. महास्फोट झाला तेव्हा पृथ्वी होतीच कुठे? दहावीतली एखादी मुलगी उठून हे विचारेल, आणि तिचं बरोबर असेल.

1948 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वाला आरंभच नाही असा सिद्धांत मांडला. आपले जयंत नारळीकर त्याच परंपरेत आयुष्यभर काम करत राहिले. 1965 मध्ये महास्फोटाची खूण म्हणून अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. आता विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा (डार्क एनर्जी) काळानुसार बदलते की काय, याची चर्चा सुरू आहे. विज्ञान असंच चालतं, दुरुस्त होत होत. अशा चालत्या गोष्टीला आयत बांधलीस, तर उद्या सिद्धांत बदलल्यावर त्या मुलांच्या श्रद्धेचं काय होईल, याचा विचार कर. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोपनी महास्फोटात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हजरत मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. ते 27 जानेवारी 632 चं असावं, असं गणितावरून मानतात. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. विचार कर, केवढा चमत्कार लोकांनी आपणहून हातात आणून दिला होता! पोराला माती देऊन आलेल्या त्या बापाने काय सांगितलं? सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत. कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. सहीह बुखारी या हदीससंग्रहात ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. ज्यांनी स्वतःसाठी आकाशाकडून दाखला घेतला नाही, त्यांच्या नावाने आपण तो का मागत फिरायचं? थोर धर्मपंडित इमाम गझालींनीही बजावलंय, की ग्रहणाचं सिद्ध झालेलं गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो.

मग बोलायचं काय? सूरह आल-इम्रानमध्ये आकाश आणि पृथ्वीच्या रचनेवर चिंतन करणाऱ्यांचं कौतुक आहे. ते चिंतन ज्यांनी गणितात उतरवलं, त्यांच्याबद्दल बोल. चौदाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजच्या वेळा ठरवायचे. त्यांनी चंद्रगतीची जी आकृती मांडली, तीच गणिती रचना पुढे कोपर्निकसकडे दिसते. भाषणात यांना दहा मिनिटं दे, व्हिडिओतल्या दाव्यांना एकही नको.

आणि मुलांना एक प्रयोग करायला लाव. नागपूर सुमारे 21.15 उत्तर अक्षांशावर आहे, मक्का 21.42 वर. नकाशावर पट्टी ठेवली तर किबला, म्हणजे नमाजसाठी मक्केतल्या काबाकडे तोंड करायची दिशा, जवळपास सरळ पश्चिमेला वाटतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे मक्केचा सगळ्यात जवळचा मार्ग इथून पश्चिमेच्या साधारण 8 अंश उत्तरेकडून निघतो. अल-बिरूनींसारख्या विद्वानांनी हे गणित हजार वर्षांपूर्वी सोडवलं होतं. दरवर्षी 27-28 मे ला सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे 2 वाजून 48 मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी गच्चीवर उभ्या काठीची सावली जिकडे पडेल, त्याच्या नेमक्या उलट दिशेला किबला. खडूने रेघ मारा, मशिदीच्या दिशेशी ताडून पाहा, फरक निघाला तर वहीत लिहा.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असेल. मुलांना डोक्याला दुपट्टा बांधून यायला सांग, काठी ओळंब्याने सरळ उभी कर, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कुणालाही बघू देऊ नकोस. सुधारलेलं टिपण पाठव, मी वाचतो.

दुआगो,
तुझे सर