रक्ताच्या मूळपेशींचा अभ्यास: एवढी वर्षे कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण गावोगाव आढळतात. ते पाहूनच तिने रक्त घडवणाऱ्या मूळपेशींवर संशोधन करायचे ठरवले आहे. हे शास्त्रज्ञ नेमके करतात काय आणि त्यात उमेदीची इतकी वर्षे का जातात, हे कृपया समजावून सांगावे.
– एक शिक्षक, तळोदा (जि. नंदुरबार)

उत्तर : वेळ का लागतो, हे कळले की काम काय असते तेही आपोआप उलगडते. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांतील प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस टिकते. या साऱ्या उत्पादनाच्या मुळाशी अस्थिमज्जेतील अगदी थोड्या मूळपेशी असतात. मज्जेतल्या दहा हजार पेशी पाहिल्या तर त्यांत अशी एखादीच सापडेल. शिवाय नुसत्या सूक्ष्मदर्शकातून ती खात्रीने ओळखता येत नाही, तिची ओळख तिच्या कामावरूनच पटवावी लागते. त्यासाठी किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदराला निवडक पेशी देतात आणि त्यांच्यापासून सर्व प्रकारचे रक्त तयार होते का, हे पाहतात. अल्पायुषी पेशीही काही आठवडे रक्त पुरवू शकत असल्यामुळे किमान चार महिने थांबावे लागते, आणि त्यानंतर त्याच उंदराची मज्जा दुसऱ्या उंदराला देऊन पुन्हा तितकेच थांबावे लागते. एका प्रश्नाच्या उत्तरात वर्षाचा मोठा भाग जातो तो असा.

या विषयाचा पाया टोरांटोमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल आणि वैद्य अर्नेस्ट मॅकुलक यांनी घातला. मज्जेतील पेशी किरणोत्साराला कितपत दाद देतात हे मोजत असताना त्यांना उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी दिसल्या. १९६१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि १९६३ साली अँड्र्यू बेकर यांच्यासह अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे दाखवून दिले. पुढे असे आढळले की त्यांतील बऱ्याच गाठी खऱ्या मूळपेशींच्या नसून त्यांच्या पुढच्या पिढीतील पेशींच्या होत्या. तरीही वंशाचा माग काढण्याची त्यांची रीत टिकली, आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत मोठे देणे आहे. उंदरातील मूळपेशी बऱ्याच शुद्ध स्वरूपात वेगळ्या काढण्याचे काम स्टॅनफर्डमध्ये अर्व्हिंग वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, ते १९८८ साली. मधल्या २७ वर्षांत पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा पकडणारी प्रतिपिंडे हाती आली, तसेच लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत घडलेले, चमकत्या खुणांवरून पेशी निवडणारे यंत्रही आले. या दोहोंवाचून ते काम झाले नसते.

आता आपल्या भागाविषयी. सिकलसेलमधील बिघडलेली तांबडी पेशी दुरुस्त करून काही साधत नाही, कारण ती लवकरच मरते. दुरुस्ती मूळपेशीत झाली तरच ती टिकते. २०२३ साली आधी ब्रिटनने आणि नंतर अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी याच तत्त्वावरील क्रिस्पर (जनुकात हव्या त्या जागी बदल करण्याचे तंत्र) उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून बीसीएल११ए या जनुकाचे तांबड्या पेशींतील काम रोखले जाते, त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि ते बिघडलेल्या हिमोग्लोबिनची उणीव भरून काढते. मात्र अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे, आणि त्याआधी मज्जा रिकामी करणारी तीव्र औषधे घ्यावी लागतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णाला अशा उपचाराचा आज काहीही उपयोग नाही. पेशी शरीराबाहेर न काढता, ती औषधे न देता आणि परवडेल अशा खर्चात ही दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्या मुलीच्या पिढीने त्याला हात घालावा, असे मला मनापासून वाटते.

तिने एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळवावी. तिची रक्कम सध्या दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे धरून चालावे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, बंगळुरूची इन्स्टेम ही मूळपेशी संशोधन संस्था आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मूळपेशी संशोधन केंद्र यांची माहिती तिने आतापासूनच काढावी, आणि संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नये. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करून तिने एकदा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष राहावे आणि मगच एम.एस्सी.चा विषय निश्चित करावा.