जांघेतलं गजकर्ण मलम लावलं की जातं, थांबवलं की परत येतं. काय करावं?

आधी ती ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव आहे का? असेल तर दुखणं तिथेच आहे. ही स्टिरॉइड्स आहेत आणि गजकर्ण आहे बुरशी. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशीशी लढायची त्वचेची ताकदही दबते. वरून साफ दिसतं, बुरशी मात्र पसरत राहते.

मी मेडिकलमधून आणलेली अशी ट्यूब आठ महिने लावली. चट्टा कमरेपर्यंत गेला. गजकर्ण ओळखायचं ते गोल, लाल, उठलेल्या कडेवरून. माझी ती कडाच पुसली गेली होती, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना एक्झिमा वाटला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा बुरशी सापडली. गरोदरपणात पोटावर पडतात तसे चरे माझ्या जांघेत पडलेत, ते आजही आहेत. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती सहज मिळतात, याचा मला फार राग येतो.

ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. तेव्हा घाबरून परत तीच लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मला इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आणि नुसतं बुरशीविरोधी मलम दिलं होतं. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं, आणि कातडी साफ दिसल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं. आपल्याकडच्या बुरशीला टर्बिनाफिन आता पूर्वीसारखं लागू पडत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका.

घरच्यांनाही विचारा. माझ्या बायकोला परकराच्या नाडीखाली चट्टा होता, ती संकोचाने बोलली नव्हती. दोघांचे उपचार एकदम झाले तेव्हाच ते थांबलं. टॉवेल वेगळे, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात, आणि पावसाळ्यात ओलसर जीन्स अजिबात नको. साखरही एकदा तपासून घ्या.

मात्र खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरात सगळेच खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज. तिचं औषध वेगळं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.