माडीवरची दुनळी

*सोलापूर पोलिसात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा शस्त्रागारात गेली. बंदुका पुसल्या, मोजल्या, कुलपात ठेवल्या. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं घरातल्या हत्याराबद्दलच होती, म्हणून बाकीची पुढच्या अंकावर टाकली आहेत.*

प्रश्न: माझे सासरे, आबा, आठ महिन्यांपूर्वी वारले. मोहोळ तालुक्यात आमच्या गावच्या वाड्यात, माडीवर खुंटीला त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक अजून टांगलेली आहे. परवाना त्यांच्याच नावावर होता. सुट्टीला घरात पाच-सहा पोरं असतात. दीर म्हणतात, "रिकामी आहे, कोण हात लावतंय?" येत्या वैशाखात पुतणीचं लग्न आहे आणि वरातीत आबांच्या नावानं दोन बार काढायचं दिरांच्या मनात आहे. मी बोलले की "तुला गावातलं काय कळतं" म्हणतात. काय करू?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, "रिकामी आहे" हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. अशाच एका निवडणुकीला मी तालुक्याच्या ठाण्यात मदतीला होतो. एक आजोबा जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळलेली दुनळी घेऊन एसटीनं आले, सोबत सात-आठ वर्षांचा नातू. "रिकामी आहे साहेब, बारा वर्षांत उडवली नाही," म्हणाले. मी कळ सरकवून नळ्या मोडल्या, म्हणजे खाली वाकवून उघडल्या. उजवी मोकळी होती. डावीत काडतूस होतं, पितळी बूड हिरवं पडलेलं, नखानं ओढून निघेना. गाडीत बंदूक कुठं ठेवली होती म्हणून विचारलं, तर नातवानंच सांगितलं, "माझ्या मांडीवर." आजोबा तिथंच फरशीवर बसले. त्यांना पाणी द्यायला गेलो तर माझाच हात थरथरत होता.

आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. तुमचे दीरही खोटं बोलत नसतील.

म्हणून तुमच्या दुनळीला तुम्ही हात लावू नका आणि "बघू तरी" म्हणून दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नका. आजच माडीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. पोरांना नुसतं रागवून भागत नाही. गड्ड्याच्या जत्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडून आलेल्या पोराला माडीवरची बंदूकही तसलीच वाटते. त्यांना समोर बसवून सांगा: कुठंही बंदूक दिसली तरी शिवायचं नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं. आणि पोरं हे ऐकतीलच असं धरून चालू नका. कुलूप त्यासाठीच आहे.

आता कायद्याचं. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. आबा गेले तसा त्यांचा परवानाही सरला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार, बाळगण्याचा हक्क संपलेलं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड. उशीर झाला म्हणून लपवू नका. आपणहून ठाण्यात जाणं वेगळं आणि झडतीत सापडणं वेगळं. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन आधी मोकळ्या हातानं ठाण्यात जा, बंदूक कशी आणायची ते त्यांना विचारा, मनात भीती असेल तर वकील सोबत न्या. जमा केल्याची पावती घ्या आणि ती आबांच्या कागदपत्रांतच ठेवा.

दिरांना हे धाक म्हणून सांगू नका. माझ्या अनुभवात अशा घरात खरी अडचण कायद्याची नसतेच. बापाची वस्तू सरकारात गेली की कायमची गेली, अशी भीती मनात असते. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मागण्याची सोय आहे. दिरांनी रीतसर अर्ज करावा. गाव ग्रामीण हद्दीत असल्यानं तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, सोलापूर शहरात राहणाऱ्याचा पोलीस आयुक्तांकडे जातो. चौकशी होईल, आणि हत्यार कसं सांभाळणार हेही विचारतील. मिळाला परवाना तर बंदूक घरी येईल. तोवर ती ठाण्यात आहे, हरवलेली नाही.

वरातीतल्या बाराचं मात्र साफ नाही म्हणून सांगा. २०१९ पासून लग्नात-समारंभात आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तुमच्या दिरांकडे मुळात परवानाच नाही. वरातीत गच्चीवर बाया-पोरं उभी असतात, डीजेच्या आवाजात कुणी "थांब" म्हणालं तरी ऐकू जात नाही. आबांची आठवण ठेवायची तर मांडवात त्यांचा फोटो ठेवा आणि त्यांच्या नावानं एक पंगत वाढा.

प्रश्न: माझ्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे. रात्री ज्वारीत रानडुकरं घुसतात. बंदूक कुलपात, काडतुसं दुसरीकडे, मग वेळेला उपयोग काय?
— एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर: पाटील, तुमचा त्रास मला कळतो. आमचंही कोरडवाहू रान आहे, आणि डुकरांनी एका रात्रीत आडवा केलेला प्लॉट मी पाहिलाय. पण डुकरं रानात येतात, झोपायच्या खोलीत नाही. राखणीला निघताना कुलूप काढायला अर्धं मिनिटही लागत नाही. परत आलात की नळ्या मोडून दोन्हींतून दिव्याकडे आरपार बघा, काडतुसं मोजा, आणि बंदूक लोखंडी कपाटात ठेवा. दुनळी नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता अशी तीन भागांत सुटते. नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवला तर चोरालाही अर्धीच बंदूक मिळते. काडतुसांचा डबा वेगळा ठेवा, त्याची किल्लीही वेगळी. आणि किल्ली देव्हाऱ्यामागं ठेवू नका, घरातल्या पोराला ती जागा तुमच्याआधी ठाऊक असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मी सांगणार. कुलूप फक्त पोरांसाठी नसतं. बांधावरचं भांडण असो की कर्जानं खचलेली रात्र असो, माणसाचा तोल सुटतो तो थोड्या वेळापुरता. तेवढ्यात हाताशी बंदूक असेल तर पुढं सावरायला संधीच उरत नाही. इस्रायलच्या सैन्यात २००६ साली नियम झाला की सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल छावणीतच ठेवायची. त्या वयाच्या सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्याच घटल्या. माणसं तीच होती, दुःखंही तीच, फक्त रायफल लांब होती.

माझा मावसभाऊ एका दुष्काळी वर्षात बोलायचाच बंद झाला. त्याची बायको माझ्याकडे येऊन नुसती रडली, तोंडातून शब्द फुटेना. मी दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन ठाण्यात गेलो, बंदूक जमा केली आणि पावती वहिनीच्या हातात दिली. यंदा त्यानं दीड एकर कांदा लावलाय. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल तर आधी हत्यार घराबाहेर काढा, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ठेवता येतं. आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: आमच्या गावात वरातीत पोरं कमरेचा गावठी कट्टा काढून नाचतात, रील टाकतात. तक्रार केली की वैर येतं. आमच्यासारख्यांच्या बोलण्यानं काही बदलतं का?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: बाळ, बदलतं. स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचं छोटं गाव आहे. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेत एका माणसानं १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. त्याच्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. आधी शंका आल्या होत्या, तरी परवाना चालूच राहिला. मग साध्या माणसांनी, आयांनी, सह्यांची मोहीम काढली. त्या दिवसांत तिथं फुलणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाचं नाव तिला दिलं. सात लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. आपल्याकडे कायदा आधीच कडक आहे. बेकायदा हत्यार बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे कमी पडतं ते गावानं तोंड उघडणं.

एकटीनं त्या पोरांच्या तोंडी लागू नकोस. कट्टा समोर दिसला तर आधी तिथून बाजूला हो, मग ११२ ला फोन कर आणि नाव गुप्त ठेवा असं सांग. रील पुढं पाठवू नकोस, जपून ठेव आणि फक्त पोलिसांना दे. बाकीचं काम गावाच्या नावानं होऊ दे: "वरातीत हत्यार दिसलं तर गाव पोलिसांना कळवेल," असा ग्रामसभेचा ठराव. तो एकदा झाला की फोन कुणी केला हा प्रश्न उरत नाही, तो गावानंच केलेला असतो. १ मेच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय आधी निघू दे. आईला आणि तिच्या बचत गटातल्या बायकांना या रविवारीच सांग. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, मासिकाच्या पत्त्यावर पाकीट पाठव.