बारावीची मुलगी रात्री दोनपर्यंत वाचते, तरी आठवत नाही. तिला जास्त झोपू द्यावे का?

आपली मुलगी दोनला झोपून पाचला उठते आणि आदल्या दिवशी पाठ केलेले आठवत नाही म्हणून रडते, असे आपण लिहिले आहे. झोप वाढवली तर अभ्यास मागे पडेल, ही आपली भीती मी समजू शकतो. तासगाव तालुक्यात मी बरीच वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. माझे स्पष्ट मत असे, की तिला झोपू द्यावे, कारण वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

दिवसा वाचलेले आधी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने तात्पुरते टिकते आणि गाढ झोपेत त्याची जणू उजळणी होऊन ते मेंदूच्या बाह्य स्तरात हळूहळू रुजते. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत असे दिसले, की जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतत होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र चेतत होत्या. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, तर स्वप्नांची झोप उत्तरार्धात वाढत जाते. तीन तासांत उठवलेल्या मुलीचा हा उत्तरार्ध जवळजवळ पूर्णच बुडतो. पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो, हे आपल्या घरांतले म्हणणे खोटे नाही, मात्र ते म्हणणारी माणसे रात्री नऊलाच अंथरुणाला पाठ टेकत असत.

माझ्या वर्गात एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटर चालू करायला तोच मळ्यात जाई. त्या आठवड्यात फळ्यावर हृदयाची आकृती काढताना, उजव्या अलिंदातून निलयात आणलेले रक्त पुढे कुठे न्यायचे हे त्याला सुचत नसे आणि खडू फळ्यावर तसाच टेकलेला राही. दिवसपाळीच्या आठवड्यात तीच आकृती तो न अडखळता पूर्ण करी. त्याचा अभ्यास कच्चा आहे असे समजून मी त्याला बोललो होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तासांची झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. रात्री जागण्यासाठी दिला जाणारा चहा प्रथम बंद करावा, कारण त्यातील कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात. झोपण्यापूर्वी नवा धडा उघडण्याऐवजी तिने पुस्तक मिटून दिवसभरातले कोऱ्या कागदावर आठवून लिहावे. दोनवरून एकदम साडेदहावर येणे तिला जमणार नाही, कारण या वयात झोप येण्याची वेळच मुळात पुढे सरकलेली असते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे यावे आणि उठल्यावर तिला थोडा वेळ अंगणातल्या कोवळ्या उन्हात बसवावे.